स्ट्रिंजंट म्हणजे सुतळी

कात्री साहेबांनी शिपायाला आणायला लावली.

कंपनीतली मीटिंगची खोली. एसी. मधोमध लांब काचेचं टेबल आणि त्यावर माझा गठ्ठा. बनियनच्या चिंध्या, धुतलेल्या, वाळवलेल्या, हातरुमालाएवढ्या कापलेल्या. मशिनी पुसायला, तेलाचे हात पुसायला कंपन्यांना असं कापड लागतं. तिथे त्याला वेस्ट म्हणतात. मी वेस्ट पुरवते. टेबलाभोवती माझ्यासारखेच माल पुरवणारे बसलेले. हातमोजेवाला, खोकेवाला, पलीकडे आबा. तेही वेस्टच पुरवतात. मी एकटी बाई.

परचेसचे साहेब तरुण. पुण्याहून रोज गाडीने येणारे. त्यांनी गठ्ठ्यावरची सुतळी बोटाने ओढून सोडली. तुणतुण्याची तार छेडावी तशी.

"भाभी, हे काय आहे?"

"सुतळी, साहेब."

"एवढी?"

"तुम्हीच म्हणालात ना, या वेळी स्ट्रिंजंट पाहिजे. म्हणून डबल बांधलीय. आडवी-उभी. कुठंच ढिली न्हाई."

 मग हातमोजेवाल्याने खोकल्यासारखं केलं. खोकेवाल्याने खाली मान घातली, त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आपण ऐकलं ते खरं का म्हणून.

"स्ट्रिंजंट म्हणजे स्ट्रिंग? सुतळी?"

आणि त्यांनी टेबलावर थाप मारली. मग सगळे फुटले. आबांनी तर टोपी काढून तिनेच डोळे पुसले. "आयला, भाभीनं कंपनीच बांधली की सुतळीनं!"

तेव्हा कात्री आली. साहेबांनी एकेक सुतळी कापली. सावकाश. टक. टक. एवढ्या आवळलेल्या चिंध्या, सुटल्या तशा फुगल्या आणि काचेवर पसरल्या. "स्ट्रिंजंट म्हणजे कडक, भाभी. काटेकोर. क्वालिटीचं बोलत होतो मी. सुतळीचं नाही!"

मीही हसले. धंदा करणाऱ्या बाईला हसावं लागतं. चिंध्या मीच गोळा केल्या. कापलेली सुतळी मात्र शिपायाने उचलून नेली. कुठे नेली, ते मला पुढे कळायचं होतं.

त्या दिवसापासून गेटवरचा वॉचमन फोनवर सांगायचा, "सुतळीभाभीची गाडी आलीय."

आधी भाभीचं सांगते. त्या कंपनीत कॅन्टीन चालवणारी बाई ताई आहे. झाडलोट करणारी मावशी. ऑफिसातली मॅडम. मी भाभी. माझ्या नवऱ्याला तिथे कुणी पाहिलेलं नाही, तो केंदूरला शेळ्या सांभाळतो, मग ही भाभी आली कुठून? माझ्या नावातून आली. नाव ऐकलं की ठरतं, ही ताई नाही. मी दौंडला जन्मले, मराठी शाळेत शिकले, भांडते मराठीत, हिशोब मराठीत करते. तरी भाभी. साधा शब्द आहे, मायेचाही असतो. पण मला माहीत आहे तो तिथे कशासाठी होता. ही वेगळी बसेल, एवढं सांगण्यासाठी.

माझे अब्बा पिंजारी. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांच्या गल्ल्यांतून पिंजण खांद्यावर घेऊन फिरायचे. पिंजणाच्या तातीचा, त्या तारेचा आवाज आला की बाया जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. मी गादीच्या दुसऱ्या टोकाला बसून दाभणातला दोरा ओढायची. मी जोर लावला की अब्बा ओरडायचे, "डोरी ढिली छोड़ी तो रूई भागती, जास्ती खींची तो कपड़ा रोता. अंदाज से खींच!" दहावीनंतर शिक्षण थांबलं, लग्न झालं. शेळ्यांवर घर चालेना, तेव्हा मी कारेगावात पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं, कारण कंपन्या तिथे. सोलापूरहून, पुण्याहून चिंध्या आणायच्या. निवडायच्या. बटणं, हुक, चेनी, लेबलं काढायची, धुवायच्या, बांधायच्या. माझ्याबरोबर शारदा आणि रुखसाना पहिल्यापासून. पुढे आणखी बाया आल्या. कुणी पाठीशी नव्हतं. बँकेने दारात उभं केलं नाही. जे उभं राहिलं ते या जिभेवर. चिंधीवाला जो भाव सांगतो त्याच्या निम्म्यालाही मी हसते, आणि मग बोलायला लागते. टेम्पोवाले मला टाळतात. मी तापट आहे, हे लोक सांगतात. खरं आहे.

आणि घासाघीस करणाऱ्याचा एक नियम असतो. समोरच्याला 'कळलं नाही' असं कधी म्हणायचं नाही. म्हटलं की भाव पडला.

तेच नडलं. त्या मीटिंगच्या आधी एकदा माझ्या मालात एक हुक राहिला. ब्लाउजचा, बारका. त्याने कंपनीतल्या कुठल्याशा चकचकीत पार्टवर ओरखडा उठला. चूक आमची होती, मी मानली. साहेबांचा फोन आला. "पुढचा लॉट एकदम स्ट्रिंजंट हवा, भाभी. स्ट्रिंजंट कळतं ना?"

"कळतं की, साहेब."

फोन ठेवला आणि विचार करत बसले. स्ट्रिंग मला माहीत होतं. शाळेत होतं. दोरी, तार. मनाशी म्हटलं, गठ्ठे वाटेत सुटत असतील, बाहेरची घाण त्यातच लागत असेल. म्हणून घट्ट बांधा म्हणतायत. शारदाला सांगितलं, रुखसानाला सांगितलं. त्यांनी गुडघा देऊन देऊन सुतळी आवळली. बोटांना करकोचे पडले. रुखसाना म्हणाली, "कायको इतना कसना, आपा? चिंधियां भाग जातीं क्या?" मी म्हटलं, साहेबाची ऑर्डर आहे. आणि हो, त्या वेळी हुक शोधायलाही मी स्वतः बसले होते. त्या लॉटमध्ये एक हुक, एक बटण नव्हतं. ते कुणी पाहिलं नाही. सुतळी पाहिली.

मीटिंगनंतर मी शिरूरला गेले. माझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई रिटायर होऊन तिथे लेकीजवळ राहतात. चहा येण्याआधीच विचारलं, "बाई, स्ट्रिंजंट म्हणजे काय?"

"का गं?"

"सांगा तर."

"कडक. नियम, अटी, तपासणी कडक असली की स्ट्रिंजंट. माणसाला नाही लावत हा शब्द. माणूस स्ट्रिक्ट असतो. अट स्ट्रिंजंट."

मग मी झालेलं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. हसल्या नाहीत. उठून त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली, चष्मा बदलला.

"हे बघ. लॅटिनमधून आलाय. तिथे मूळ धातूचा अर्थ, आवळणं. घट्ट बांधणं. स्ट्रिक्ट त्याच मुळातून. रिस्ट्रिक्ट त्यातूनच. अगं, डिस्ट्रिक्टसुद्धा. जेवढ्या मुलखावर एखाद्याचा हुकूम चालतो, जिथल्या लोकांना तो आवळू शकतो, तो डिस्ट्रिक्ट."

"म्हणजे पुणे डिस्ट्रिक्ट?"

"तोच शब्द."

"आणि सुतळी? स्ट्रिंग?"

"तो वेगळ्या घराण्यातला. फार मागे कुठेतरी नातं असेल असं म्हणतात, खात्री नाही. पण आवळून बांधणं, हे तू केलंस ना? तुझा अर्थ चुकला, मूळ नाही चुकलं."

बाईंना वाटलं, मला बरं वाटेल. मला राग आला. बाईंचा नाही. मूळ बरोबर असून काय करायचं? ती माणसं मुळाला हसली नव्हती. मी उद्या डिक्शनरी नेऊन टेबलावर आपटली असती तरी ती हसलीच असती. म्हणाली असती, बघा, भाभी लॅटिन शिकली. त्यांना शब्द चुकल्याचं हसू आलंच नव्हतं. हिने शब्द वापरायला तोंड उघडलं, त्याचं आलं होतं.

पण एक गोष्ट मी शिरूरहून घेऊन निघाले. हा शब्द आवळण्याचा आहे. आणि अब्बांच्या गादीपासून मला माहीत आहे, दोरा आवळला जातो तेव्हा एक आवळणारा असतो आणि एक आवळला जाणारा. एसटीत बसल्या बसल्या मी विचार करत होते, हा दोरा कुणाच्या हातात आहे आणि तो नक्की कुणाकुणाला बांधतो?

उत्तर पुढच्या खेपेला कंपनीच्या गेटवरच मिळालं.

माझी गाडी उभी होती. नेहमीप्रमाणे सगळे गठ्ठे खाली. तपासणारा पोरगा एकेक गठ्ठा उचकत होता, कापड उन्हाकडे धरून बघत होता. मागून आबांचा टेम्पो आला. आबा म्हणजे इकडचे मोठे बागायतदार, सोसायटीत वजन असलेले. कंपनी आली तेव्हा त्यांचीही जमीन गेली होती, म्हणून त्यांना वेस्टचं काम मिळालं. आबांनी टेम्पोतून हात केला, वॉचमनने दांडा वर उचलला. टेम्पो सरळ आत. तेवढ्यात खड्ड्यात आदळून मागचा एक गठ्ठा खाली पडला आणि फुटला.

मी उचलायला गेले. आत शर्टांच्या कॉलरी, बटणांसकट. ओल्या. वास येणाऱ्या. आणि एका पँटची अख्खी चेन, पितळेची.

आबा उतरले. त्यांना लाजही वाटली नाही. माणूस तसा दिलदार, माझ्यापुढे तंबाखूची डबी धरून म्हणाले, "राहू दे भाभी, पोरं उचलतील."

"आबा, ह्यात चेन हाय. पितळेची."

"असंल की. चिंधीत चेन न्हाई तर काय सोनं असतंय व्हय?"

"तुमचा माल तपासत न्हाईत?"

आबा हसले. "आपला माल कोन तपासतंय? गेटवर भाचा, आत पुतन्या. तू बी लई मनावर घेती. सुतळीच बांध तू."

चेन मी पर्समध्ये टाकली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. विचारलं, "साहेब, आबांच्या गठ्ठ्यात पितळेची चेन निघाली. स्ट्रिंजंट सगळ्यांना हाय का मला एकटीलाच?"

ते लॅपटॉपवरून वर न बघता म्हणाले, "आबांचं आम्हाला थोडं ॲडजस्ट करावं लागतं, भाभी. लोकल इश्यू असतात."

ॲडजस्ट.

तिथे उभ्या उभ्या माझे डोळे उघडले. इतके दिवस मी दोन शब्द ऐकत होते आणि दोन वेगळे समजत होते. ते एकाच दोऱ्याचे दोन भाग होते. माझ्याकडचा ओढून धरायचा, त्याचं नाव स्ट्रिंजंट. आबांकडचा सैल सोडायचा, त्याचं नाव ॲडजस्ट. आबांकडे जेवढं सैल सोडायचं तेवढं माझ्याकडे जास्त ओढायचं, म्हणजे वर दाखवायला कंपनी कडक दिसते. आबांच्या चेनीचा ओरखडाही माझ्या हुकाच्या नावावर जात असणार. आणि मी, घासाघिशीत टेम्पोवाल्यांना रडवणारी मी, या भावावर कधी बोललेच नव्हते. हा भाव मी न बोलता मान्य केला होता. लाख रुपयांचा प्रश्न असता तर मी भांडले असते. हा मानाचा होता आणि मानाची घासाघीस मला कुणी शिकवली नव्हती.

तरी त्या दिवशी गप्प बसले. ऑर्डर मोठी होती. शेड तिच्यावर चालत होतं. शारदाच्या घरात ती एकटी कमावणारी, रुखसानाचं तसंच. चिडून उठून यायला मला परवडलं असतं, त्यांना नाही. असं मी मला सांगितलं.

मग एक दिवस साहेबांचा फोन. आवाज गोड. "भाभी, माल पुरवणाऱ्या सगळ्यांचा मेळावा ठेवलाय. तुम्हाला अवॉर्ड आहे. तुमच्या बायकांनाही आणा."

शेडमध्ये मी सांगितलं तेव्हा शारदाने चिंध्या वर उडवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही खरं वाटलं. म्हटलं, चेनीची गोष्ट काढली त्याचा परिणाम झाला. कुणीतरी माझे गठ्ठे नीट पाहिले. शारदाने लग्नातली पैठणी नेसली. रुखसानाने मेंदी काढली. मी नवी साडी घेतली, भाव न करता. आयुष्यात पहिल्यांदा.

हायवेवरचं मंगल कार्यालय. दुपार. मंचावर मोठे साहेब, पाहुणे, फुलं. माईकवर आमचे परचेसचे साहेब. खोकेवाल्याला ढाल मिळाली. हातमोजेवाल्याला ढाल मिळाली. आबांना शाल आणि ढाल. मग ते म्हणाले, "आणि आता एक स्पेशल अवॉर्ड! स्ट्रिंजंट सप्लायर ऑफ द इयर! आपल्या लाडक्या सुतळीभाभी!"

हशा. टाळ्या. मी अर्ध्या पायऱ्या चढले होते. मागे शारदा आणि रुखसाना टाळ्या वाजवत होत्या, त्यांना हशा कळला नव्हता. त्यांना वाटलं, लोक खूश आहेत.

वर पोचले. शिपाई तबक घेऊन पुढे आला. त्यात ढाल नव्हती, शाल नव्हती. हार होता. सुतळीचा. तुकड्याला तुकडा गाठी मारून केलेला. ती माझी सुतळी होती. त्या दिवशी काचेच्या टेबलावर कापलेली. त्यांनी ती जपून ठेवली होती, या दिवसासाठी.

साहेबांनी हार उचलला आणि माझ्या गळ्याकडे आणला. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला. मी त्यांचं मनगट धरलं.

"खाली ठेवा."

ते हसतच होते. ओठ न हलवता हळूच म्हणाले, "मजा आहे, भाभी. सगळे बघतायत. ॲडजस्ट करा ना थोडं."

ॲडजस्ट करा.

पहिल्यांदा तो शब्द माझ्यासाठी आला होता. माल सैल सोडायला नाही. मान सैल सोडायला.

मी माईककडे वाकले.  म्हटलं, "न्हाई. आज मी स्ट्रिंजंट हाय."

बाई म्हणाल्या होत्या, माणसाला लावत नाहीत हा शब्द. मी लावला.

हशा अर्ध्यात थांबला. मी पर्स उघडली, पितळेची चेन काढली आणि फुलांच्या शेजारी ठेवली. "ही आबांच्या गठ्ठ्यातली. माझ्या मालात एक हुक निघाला तर मीटिंग बसली. ह्याची मीटिंग कवा बसवताय? माझा आणि आबांचा गठ्ठा शेजारी ठेवा, एका कात्रीनं उघडा. मग कुणाच्या गळ्यात काय घालायचं ते घाला. आन् मला भाभी म्हणायचं न्हाई. मी तुमच्या कुठल्या भावाची बायको न्हाई."

मोठ्या साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. आबा खालून म्हणाले, "अगं, बस कर की." कुणी टाळी वाजवली नाही. ते लिहायला हवं, कारण अशा गोष्टींत शेवटी लोक टाळ्या वाजवतात. कुणीही वाजवली नाही. हार मी साहेबांच्या हातातून घेतला आणि उतरले. शारदा पैठणीचा पदर खोचून आधीच दाराकडे निघाली होती. रुखसाना जाता जाता जेवणाच्या ताटांकडे बघून म्हणाली, "इनका खाना भी नक्को."

ऑर्डर गेली. आठवडाभरात फोन बंद झाले, गेटवर नाव नाही म्हणाले. माझा वाटा आबांना मिळाला. त्यांचा एकदा फोन आला, खरंच काळजीने. "कशाला डोकं फिरवून घेतलंस? माफी माग, मी बोलतो सायबाशी. पोरींच्या पोटाचा तरी इचार कर."

"आबा, दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवायला सांगा. त्या दिवशी येते."

त्यांनी फोन ठेवला. अजून सांगितलेलं दिसत नाही.

पोटाचा विचार मी केला. शेडमध्ये बसवून सगळ्यांना विचारलं. दोघी तिघी दुसरीकडे गेल्या, त्यांना दोष नाही. शारदा म्हणाली, "मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. मला न सांगता माझ्याकडून वाजवून घेतल्या त्यांनी. मी कुठं न्हाई जात." आता आम्ही दौंडच्या बाजूच्या लहान वर्कशॉपना माल देतो. वरवंडला दोन गॅरेज मिळालीत. काम कमी आहे. भाडं थकतं. गोड शेवट नाही हा.

पण एक ठरलं. नवं गिऱ्हाईक आलं की भावाच्या आधी मी अटी सांगते. इंग्रजी शब्द आला की तोंडावर म्हणते, "मला कळला न्हाई, मराठीत सांगा." भाव पडला तर पडू दे. तपासणी करा, जेवढी कडक करायची तेवढी करा, उन्हात धरा, पाण्यात बुडवा. पण माझ्यासमोर. आणि माझ्या शेजाऱ्याच्या मालाचीही तेवढीच. जिथे ते जमत नाही तिथे माझी गाडी जात नाही. मला ॲडजस्ट चालत नाही. माझ्या बाजूनेही नाही.

तो हार शेडच्या खिळ्याला आहे. सुतळी आम्ही अजून तशीच बांधतो, आडवी-उभी, डबल, गुडघा देऊन. परवा वरवंडच्या गॅरेजवाल्याने गठ्ठा घेतला आणि टेबलावरची कात्री उचलली. मी त्याचा हात धरला.

"कापायची न्हाई. सोडवा."

"लई घट्ट हाय. येळ लागंल."

"लागू दे. मी थांबते."